रात्रीचं दूध: पोटासाठी की झोपेसाठी?

"बाळ नऊ महिन्यांचं झालं. दिवसा वरणभात खातं, वजनही चांगलं आहे. पण रात्रीतून चार वेळा उठून अंगावर पितं. रात्रीचं दूध बंद केलं, तर झोपेल ना?"

तान्हं मूल असलेल्या घरात हा प्रश्न आज ना उद्या येतोच. तो साधा वाटतो, पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एक पोटाचा: रात्री पाजलं नाही, तर बाळ उपाशी राहील का? दुसरा झोपेचा: दूध थांबलं, की उठणंही थांबेल का? पहिल्याचं उत्तर बाळाच्या वयावर आणि वजनावर ठरतं. दुसऱ्याचं उत्तर आयांना फारसं आवडत नाही: थांबेलच असं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

१. सहा महिन्यांच्या आत हा विषयच नको

जन्मल्या दिवशी बाळाला एका वेळेला चमचा-दोन चमचे चीक पुरतो, कारण पोटच तेवढं असतं. पुढचे काही आठवडे ते चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. आईचं दूध पचायला हलकं, त्यामुळे पोट लवकर रिकामं होतं. त्यात वाढीचा वेग असा, की जन्मावेळचं वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट होतं. साठ किलोच्या माणसाला पाच महिन्यांत एकशेवीस किलोचं व्हायचं असतं, तर तो रात्री दहाला जेवून सकाळी आठपर्यंत झोपून राहिला असता का? मध्यरात्री स्वयंपाकघरात डबे धुंडाळताना सापडला असता.

शिवाय नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही. शरीरातलं घड्याळ दोन-तीन महिन्यांनी हळूहळू लागू लागतं. रात्रीच्या आईच्या दुधात मेलॅटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचा निरोप देणारं संप्रेरक असतं. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतंच. बाळाचं स्वतःचं घड्याळ चालू होईपर्यंत आईच्या घड्याळाची वेळ अशी दुधातून त्याच्यापर्यंत पोचते.

म्हणून सहा महिने पुरे होईपर्यंत रात्रीचं पाजणं मुद्दाम बंद करायचं नाही. एखादं बाळ चौथ्या महिन्यात आपणहून सलग सहा तास झोपलं आणि वजन नीट वाढत असलं, तर आनंदानं झोपू द्यावं. तो वेगळा भाग. मूल वेळेआधी जन्मलं असेल, तर हिशेब मूळ तारखेपासून धरायचा. दोन महिने आधी आलेलं बाळ आज आठ महिन्यांचं असेल, तर या कामापुरतं ते सहा महिन्यांचंच.

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ अंगावर पाजायला सांगते. हे ऐकून काही आयांना वाटतं, की रात्रीचं तोडलं म्हणजे दोन वर्षांचा नियम मोडला. तसं नाही. रात्रीचं थांबवून दिवसाचं दीड-दोन वर्षं चालू ठेवता येतं. फक्त त्यासाठी दूध बनतं कसं, हे माहीत हवं.

२. खानावळीचा हिशेब

गावातली चांगली खानावळ आठवा. काल चाळीस ताटं उठली, तर आज चाळिसांचा स्वयंपाक. पातेली रिकामी होऊन परत आली, तर उद्या भाकरी चार जास्त. आमटी उरली, तर उद्या मापात. आईचं दूधही असंच मागणीवर बनतं. छाती रिकामी झाली, की पुढचं दूध झपाट्यानं तयार होतं. भरून राहिली, की शरीर हात आखडतं.

या खानावळीचा मुख्य आचारी म्हणजे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, आणि त्याचा जोर रात्री जास्त असतो. सुरुवातीच्या महिन्यांत रात्रीची पंगत बंद केली, तर दिवसाचा स्वयंपाकही आटतो, तो याच कारणानं. "रात्री पावडरचं दूध द्या, आईला झोप मिळू द्या" हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. दुसऱ्या आठवड्यात तो ऐकला आणि दुसऱ्या महिन्यात "मला दूधच पुरत नाही" अशी तक्रार आली, तर त्यात नवल नाही. सहा-आठ महिन्यांनी, खानावळीचा जम बसल्यावर, एक पंगत कमी झाली तरी बाकीच्या चालू राहतात.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, फक्त अंगावर पितं, आणि आईची पाळी अजून आलेली नाही, अशा तिन्ही गोष्टी असतील तेव्हा पाजण्यामुळे गर्भधारणा टळण्याची शक्यता ९८ टक्क्यांच्या आसपास असते. मात्र रात्री दोन पाजण्यांत सहा तासांहून मोठं अंतर पडता कामा नये. रात्रीचं दूध तोडणं म्हणजे हे संरक्षण सोडणं. पाळी आली नाही म्हणून बेसावध राहिलेल्या घरांत पुढच्या वर्षी पुन्हा बारसं होतं.

३. बाळ उठतं, ते भुकेनंच का?

लोकल गाडीत दादरला तुमचा डोळा लागला. मांडीवर बॅग होती, तिच्यावर हात होता. ठाण्याला गाडीला हिसका बसला, झोप चाळवली. हाताला बॅग लागली, तर तुम्ही डोळे न उघडताच पुन्हा झोपाल. घरी पोचल्यावर जागं झाल्याचं आठवणारही नाही. पण बॅग मांडीवर नसेल तर? ताडकन उठाल, डबाभर शोधाशोध कराल.

बाळाची झोप अशीच टप्प्याटप्प्यानं चालते. मोठ्यांचा एक टप्पा साधारण दीड तासाचा, तान्ह्याचा तासाभराचा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी झोप चाळवते, सगळ्यांचीच. तोंडात स्तन असताना झोपलेलं बाळ अशा वेळी चाचपतं, आणि स्तन जागेवर नसतो. मग शोधाशोध, रडणं. आई पाजते, दोन मिनिटांत बाळ झोपतं. आईला वाटतं, भूक लागली होती. बाळाच्या दृष्टीनं मात्र बॅग सापडली होती.

२०१५ साली वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा ते बारा महिन्यांच्या सातशेहून अधिक बाळांच्या आयांना त्यांच्या रात्रींबद्दल विचारलं. जवळपास ७९ टक्के बाळं रात्री एकदा तरी उठत होती आणि ६१ टक्के बाळं एकदा तरी दूध पीत होती. अंगावर पिणारी आणि बाटलीनं पिणारी यांत फरक नव्हता. ज्यांना दिवसा जास्त दूध किंवा जास्त अन्न मिळत होतं, ती रात्री कमी वेळा पीत होती. पण कमी वेळा उठत मात्र नव्हती. दिवसा भरलेलं पोट रात्रीचं दूध कमी करतं, जाग नव्हे.

कॅनडातल्या अभ्यासाचे २०१८ साली आलेले आकडे आजीबाईंना ऐकवण्यासारखे आहेत. सहा महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती; वर्षाच्या बाळांतही हे प्रमाण २८ टक्के होतं. "आमची मुलं तर तिसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपायची" हे वाक्य तुमच्या घरी म्हटलं जात असेल, तर त्यात आठवणीनं थोडी साखर घातलेली असण्याची शक्यता आहे.

आणि झोपताना वाटीभर नाचणीचं सत्त्व भरवण्याचा तोडगा? लवकर अन्न सुरू केल्यानं झोप वाढते का, हे इंग्लंडमध्ये तेराशे बाळांवर तपासलं गेलं. लवकर सुरू केलेल्यांची झोप जास्त होती खरी: रात्रीला सुमारे १७ मिनिटं. नाचणी भरवावी, ती नाचणीच्या गुणांसाठी.

४. मग भूक ओळखायची कशी?

पहिली साक्ष वजनाच्या काट्याची. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख असतो. ठिपके हिरव्या पट्ट्यात असतील आणि रेघ वर जात असेल, तर सहा-सात महिन्यांनंतर पोटासाठी रात्रीच्या दुधाची निकड कमी झाली असं मानता येतं. रेघ सपाट झाली असेल किंवा खाली वळली असेल, तर हे प्रकरण इथेच मिटवून डॉक्टरांकडे जावं.

दुसरी साक्ष पिण्याच्या पद्धतीची. भुकेलं बाळ ओढून पितं, घोट गिळल्याचा आवाज येतो, दहा-पंधरा मिनिटं मन लावून पितं. सवयीनं उठलेलं दोन-चार घोट घेतं आणि ओठ नुसते हलवत झोपी जातं. तिसरी साक्ष सकाळची: उठल्यावर तासभर दुधाकडे ढुंकूनही पाहत नसेल, तर रात्रीच पोट भरून बसलं आहे.

पावडरच्या दुधावरच्या बाळाचं रात्रीचं दूध सहा महिन्यांनंतर कमी करायला हरकत नसते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत घाई न करता वर्षाच्या सुमाराला हात घालावा, असा सल्ला बरेच तज्ज्ञ देतात. आईला त्रास नसेल, तर तेव्हाही तोडायलाच हवं असं काही नाही. ज्या घरात आई कुशीवर वळून पाजते आणि दोघं परत झोपतात, तिथे शेजारणीनं विचारलं म्हणून काही बदलायला जाऊ नये.

५. रजा संपते तो आठवडा

२०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. सहा महिने म्हणजेही २६ आठवडे. कागदावर गणित झकास जुळतं. पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतलेले असतील, तर पुढे उरतात १८, म्हणजे चार महिने. बाळाचं वरचं अन्न अजून सुरू व्हायचं असतं आणि आई सकाळची ८:०५ पकडायला निघते. रजेचा हा कायदा शेतात, घरकामावर, बांधकामावर जाणाऱ्या बहुतेक बायांपर्यंत पोचत नाही, ते आणखी वेगळं.

कामावर रुजू होण्याच्या आठवड्यातच "आता रात्रीचं तोडूया, सकाळी उठायचंय" असं घरोघरी ठरतं. बाळ मात्र नेमकं उलटं वागतं. दिवसभर आजीकडे वाटी-चमच्यानं काढून ठेवलेलं दूध जेमतेम घेतं आणि आई घरी आल्यावर रात्रभर पितं. आजी म्हणते, "दिवसा कसं गुणी असतं, तू आलीस की लाडावतं." लाडावण्याचा संबंध नाही. दिवसाची पंगत बाळानं रात्री हलवलेली असते: दूध हवं आणि आईही हवी. या दिवसांतलं रात्रीचं पाजणं खरोखर पोटाचं असतं, आणि तेच आईचं दूध टिकवूनही धरतं.

म्हणून या आठवड्यात काही तोडू नये. रुजू झाल्यावर महिनाभर जाऊ द्यावा. निघण्यापूर्वी एकदा आणि घरी पाऊल टाकल्याबरोबर, चहाच्याही आधी, एकदा नीट पाजावं. सुट्टीच्या दिवशी हवं तेवढं. दिवसाच्या अन्नाची घडी बसली, की मग रात्रीकडे वळावं. पाळणाघर बदलणं, गावी जाणं, दात येणं, गोवराची लस टोचलेला आठवडा, घरात लग्नकार्य: याही वेळा टाळण्यासारख्या.

६. तोडायचं कसं

एकदम तोडण्यापेक्षा पायरीपायरीनं उतरणं दोघांनाही सोपं जातं. त्याची सुरुवात रात्री होत नाही, दिवसा होते. नऊ-दहा महिन्यांची मुलं दिवसा खेळात इतकी रमतात, की चार घोट घेऊन मान फिरवतात आणि उरलेला हिशेब रात्री वसूल करतात. अशा मुलाला दिवसा शांत, अंधाऱ्या खोलीत पाजावं. जेवणात वरणभातावर तूप, भाजी कुस्करून, अंडं चालत असेल तर अंडं.

मग झोपण्याचा क्रम बदलावा. सध्या बहुधा असा असेल: अंग पुसणं, कपडे बदलणं, आणि शेवटी पाजता पाजता झोप. त्यात दूध आधी आणावं: पाजणं, मग तोंड पुसणं, कपडे, दुपटं, अंगाई, थोपटणं, झोप. दूध आणि डोळा लागणं यांच्यात वीस मिनिटांचं अंतर पडलं, की बॅग बदलते. बाळ थोपटण्यावर झोपायला शिकलं, तर रात्री चाळवल्यावर थोपटणंच मागेल, आणि थोपटायला घरातला कुणीही चालतो.

यानंतर रात्रीच्या पाजण्यांना हात घालायचा. समजा, बाळ ११, १, ३ आणि ५ वाजता उठतं. सगळ्यांशी एकदम भांडण काढायचं नाही. एकच निवडायचं, ज्यात बाळ सगळ्यात कमी पितं. समजा, १ वाजता. तिथे दहा मिनिटं पीत असेल, तर दोन रात्री आठ मिनिटं, पुढच्या दोन रात्री सहा, मग चार. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवली, की पकड सुटते. चार मिनिटांवर आल्यावर पाजणं सोडून थोपटायचं. ते जमलं, की ३ वाजताचं घ्यायचं. पहाटे ५ चं शेवटी, किंवा राहू द्यावं: तेव्हा झोप पातळ असते, भूकही खरी असते, आणि ती लढाई आई सहसा हरते.

थोपटण्याची पाळी बाबांवर यावी. हा उपकाराचा भाग नव्हे, साधी सोय आहे. आईजवळ गेलं, की बाळाला दुधाचा वास येतो. मिठाईच्या दुकानात उभं करून मुलाला पेढा मागू नकोस म्हणण्यासारखं ते आहे. आठवडाभर बाळ बाबांच्या बाजूला झोपवावं आणि आईनं पलीकडे कुर्ता घालून झोपावं, गाऊन नव्हे. बाळ उताणं, जाड गोधडी आणि उशा त्याच्यापासून लांब, आणि बाबांनी त्या रात्री दारू घेतलेली नसावी.

बाळ रडेल. किती रडू द्यायचं, यावर जगभर वाद आहे. अमेरिकेतले डॉ. रिचर्ड फर्बर यांनी १९८५ मध्ये ठरावीक अंतरानं आत जाऊन धीर देण्याची पद्धत लोकांपुढे मांडली, आणि तेव्हापासून पालकांचे दोन तट पडले. मेलबर्नमध्ये अशा पद्धती वापरलेल्या मुलांना सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं, तेव्हा बाकीच्या मुलांपेक्षा ती ना बिघडलेली दिसली, ना सुधारलेली. म्हणजे मुलाच्या जन्माचं नुकसान होईल ही भीतीही सोडावी आणि जादूची आशाही. बाकी हा वाद होतो तो स्वतंत्र खोलीत झोपणाऱ्या बाळांवरून. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पाचव्या मिनिटाला भिंतीपलीकडून "बाळाला काय झालं हो?" असा आवाज येतो, तिथे पाच मिनिटं थांबण्याची पद्धत पहिल्या रात्रीच संपते. आपल्याकडे जवळ घेऊन, थोपटत, पण न पाजता रडू देणं हाच जमण्यासारखा मार्ग, आणि जवळ माणूस असताना रडणं ही एकटं रडण्यासारखी गोष्ट नसते.

दीड वर्षाच्या मुलाशी बोलताही येतं. "दुदू झोपलं, उजेड झाला की देईन." दिवसा चार वेळा सांगावं, रात्री तेवढंच म्हणावं, आणि उजेड झाल्यावर खरंच द्यावं.

७. बाटली

बाटलीचं गणित सोपं आहे, कारण आकडे दिसतात. रात्री १८० मिली पिणाऱ्या बाळाला दोन रात्री १५०, मग १२०, ९०, ६०; नवव्या रात्री बंद. बनवताना पावडर आणि पाणी डब्यावरच्या प्रमाणातच. पाणी वाढवून दूध पातळ केलं, तर पोट भरल्यासारखं होतं आणि बाळ उपाशी राहतं; तान्ह्याला जास्त पाणी अपायकारकही असतं.

खरी काळजी वर्षानंतरच्या बाटलीची. दीड वर्षाचं मूल रात्रीत २०० मिलीच्या तीन बाटल्या म्हशीच्या दुधाच्या पितं, असं धरा. १०० मिलीला साधारण १०० कॅलरी, म्हणजे ६०० कॅलरी. त्याची दिवसाची गरज हजाराच्या आसपास. निम्म्याहून जास्त जेवण झोपेतच झालं. सकाळी आई ताट घेऊन मागे धावते, मूल तोंड मिटून घेतं, आणि घरात ठरतं की याला भूकच लागत नाही. दुधात लोह जवळजवळ नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत, पण अशा घरातलं कारण उशाशीच ठेवलेलं असतं. त्यात दूध गोड केलेलं असेल, तर वरचे पुढचे दात किडू लागतात: आधी हिरड्यांजवळ पांढरट रेघ, मग तपकिरी डाग. बाटलीवरच्या बाळासाठी म्हणूनच मी वर्षानंतर सबुरीचा सल्ला देत नाही.

८. कोरफड, माहेर आणि बाळागोळी

स्तनाला कोरफडीचा गर किंवा कडुलिंबाचा पाला वाटून लावायचा, हा जुना उपाय. दोन वर्षांच्या मुलाचं सगळंच तोडायचं असेल, तर तो लागू पडतोही. पण जे दिवसा गोड, ते रात्री कडू का, हे नऊ महिन्यांच्या बाळाला कसं समजणार? ते दिवसाही तोंड फिरवू लागतं. आईनं चार दिवस माहेरी जाऊन यायचं, हाही उपाय तसाच: बाळाचं दूध आणि आई एकाच रात्री जातात, आणि माहेरी आईची छाती दगडासारखी होते.

झोपेसाठी बाळाला काही चाटवणं मात्र पूर्ण थांबवावं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या बायका मुलांना अफू असलेली "बाळागोळी" देऊन निघत. त्यांना दोष देता येत नाही. खोलीवर मुलाकडे बघायला कुणी नसे. आज बाळागोळी गेली, पण गुटीत जायफळाचे वेढे वाढवणं राहिलं आहे. जायफळ जास्त झालं, तर त्याची विषबाधा होते. सर्दीच्या औषधाचा "झोपेसाठी" एक चमचा हा तर बाळागोळीचाच आधुनिक अवतार. मधही वर्षाच्या आत नको.

९. मोडलं तर

रात्रीचं एक पाजणं सुटलं, की दोन-तीन रात्री छाती भरून येते. पूर्ण रिकामी करू नये, नाही तर खानावळ पुन्हा तेवढाच स्वयंपाक करते. बरं वाटण्यापुरतं हातानं पिळून काढावं, गार पाण्याची घडी ठेवावी, घट्ट बांधू नये. एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर ती गाठ घरी बसून जिरवायची नसते. डॉक्टरांकडे जावं, आणि त्या बाजूनं पाजणं चालू ठेवावं.

बाळाला ताप आला, जुलाब लागले, तर ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून रात्री मागेल तेव्हा पाजावं. बरं झाल्यावर ते आठवडाभर जुन्या वेळांना उठेल. घरातले म्हणतील, सगळं पाण्यात गेलं. तसं होत नाही. दुसऱ्यांदा उतरताना पायऱ्या ओळखीच्या असतात आणि पहिल्या खेपेला दोन आठवडे लागले असतील, तर या वेळी बहुधा चार-पाच रात्री लागतात. सुरुवात पुन्हा एकच्या पाजण्यापासून करावी.